ही रेघ कुणी ओढली?

बाळा, होटनला आल्याच्या पहिल्याच हिवाळ्यात तू स्लेड, म्हणजे स्नोमोबाइल, घेतलीस, याचा मला फार आनंद झाला. मिशिगनच्या या किविनॉ भागात नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फ असतो. त्याला वैतागून घरात बसणाऱ्याला हा मुलूख कधी कळत नाही. आता तुझा प्रश्न. ‘आत्या, फोनमध्ये नकाशाचं कुठलं अ‍ॅप घेऊ?’ तुझ्या मित्रांनी चार नावं सांगितली आणि प्रत्येकाला आपलंच सर्वांत चांगलं वाटतं. मी ती सगळी वापरते. त्यातलं एकच नाव सांगून मोकळी झाले, तर तुला अर्धवट शिकवल्यासारखं होईल. प्रत्येक अ‍ॅपला काहीतरी एक नीट ठाऊक असतं, बाकीचं ते ऐकीव सांगतं. कोणाला काय ठाऊक आहे, तेवढं तू ओळखायला शीक.

पहिला कानमंत्र हाच. पडद्यावर ट्रेलची रेघ दिसली म्हणून स्लेड तिच्यावर घालायची नाही. आधी विचारायचं, ही रेघ कुणी ओढली आणि शेवटची कधी तपासली? एखादी रेघ राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याची, म्हणजे इथे सगळे ज्याला डीएनआर म्हणतात त्याची असते. एखादी तिथल्या स्नोमोबाइल क्लबची असते. एखादी कुणा हौशी स्वयंसेवकाने उपग्रहाच्या छायाचित्रावरून काढलेली, तर एखादी कुण्या चालकाने स्वतःचा प्रवास नोंदवून चढवलेली. आणि बऱ्याच रेघा जुन्या सरकारी नकाशांतून आलेल्या असतात. आपल्याकडे तर याला फार जपावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथे तांब्याच्या खाणी निघाल्या, त्यांच्यासाठी रस्ते आणि लोहमार्ग झाले, मग खाणी बंद पडल्या. जुन्या नकाशावरची ती बारीक तुटक रेघ तुला एखाद्या सोडून दिलेल्या खाणीच्या तोंडाशी नेऊन सोडू शकते, आणि वर चार फूट बर्फ असला की ते तोंड दिसतही नाही. उलट होटनहून दक्षिणेला जाणारी बिल निकल्स ट्रेल जुन्या लोहमार्गावरच आहे, आणि तिच्यासारखी निर्धास्त वाट नाही. दोन्ही रेघा जुन्याच. पण एकीची देखभाल होते, तिच्यावरून बर्फ दाबून सपाट करणारा ग्रूमर फिरतो, फाट्यावर पाट्या असतात. दुसरीला कुणी वाली नाही. पडद्यावर हा फरक क्वचितच दिसतो.

याच्याच जोडीला दुसरी गोष्ट. मिशिगनमध्ये राज्याच्या नोंदीतल्या ट्रेल सहा हजार मैलांहून जास्त आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी खाजगी जमिनीतून जातात. जमीनमालकाने परवानगी दिली म्हणून आपण जातो. कुणी बेशिस्तपणे ट्रेल सोडून त्याच्या रानात स्लेड घातली की तो पुढच्या वर्षी परवानगी काढून घेतो आणि क्लबला वळसा घालावा लागतो. अ‍ॅपमध्ये मात्र जुनी रेघ कधीकधी तशीच राहते. म्हणून फोन आणि फाट्यावरची पाटी यांत तफावत पडली, तर पाटीचं ऐकायचं. तिथे वाद नाही. राज्याचा ट्रेल परवाना स्लेडवर चिकटवलेला हवा. हंगाम १ डिसेंबर ते ३१ मार्च. एप्रिलमध्ये कितीही सुंदर बर्फ राहिला तरी त्या खाजगी पट्ट्यांवर आपला हक्क उरत नाही.

राज्य बदललं की पद्धतही बदलते. विस्कॉन्सिनमध्ये ट्रेल उघडी की बंद हे काउंटीगणिक ठरतं. पावसाने किंवा उन्हाने बर्फ गेला की एक काउंटी बंद आणि शेजारची चालू, असं असू शकतं. ऑन्टारियोत तिथल्या क्लबांचा महासंघ आपल्या नकाशावर ट्रेलला हिरवा, पिवळा, लाल असे रंग देतो. लाल म्हणजे बंद. बंद ट्रेलवर गेलास तर ते थेट घुसखोरीत मोडू शकतं. ही रोजची माहिती कुठलंही सर्वसाधारण अ‍ॅप तुला त्या ताजेपणाने देईल यावर विसंबू नकोस. निघायच्या आदल्या रात्री त्या त्या क्लबने किंवा काउंटीने काय जाहीर केलं आहे ते वाच. ग्रूमर चालवणारा माणूस रात्रभर त्या वाटेवर असतो, त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

आता अ‍ॅपांकडे वळू.

तुझ्यासारख्या नवख्याने सुरुवात पोलारिसच्या राइड कमांडपासून करावी. स्लेड दुसऱ्या कंपनीची असली तरी हे अ‍ॅप चालतं. स्नोमोबाइलच्या ट्रेल हाच त्याचा विषय. क्लब आणि संघटनांकडून आलेल्या ट्रेल त्यात आहेत, पेट्रोल आणि जेवणाची ठिकाणं आहेत. या रानात पेट्रोलचं ठिकाण हे निसर्गदृश्यापेक्षा महत्त्वाचं, कारण खोल ताज्या बर्फात स्लेड तुझ्या अंदाजापेक्षा किती तरी जास्त पिते. गटातल्या सोबत्यांची ठिकाणं पडद्यावर दिसण्याची सोयही त्यात आहे. मात्र फोनवरची ही सोय नेटवर्कवर चालते. कॅल्युमेटच्या उत्तरेला कॉपर हार्बरकडे निघालास की नेटवर्क विरळ होत जातं आणि सोबत्याचा ठिपका जुन्याच जागी गोठून राहतो. तो ठिपका पाहून ‘अजून मागेच आहे’ असं समजू नकोस. प्रत्येक फाट्यावर थांबायचं, मागच्याचा दिवा दिसला की मगच वळायचं. हा नियम मला माझ्या पहिल्या गटातल्या म्हाताऱ्यांनी शिकवला, तेव्हा फोनमध्ये नकाशे नव्हते. आज नकाशे आहेत तरी तो तसाच पाळते.

ऑनएक्स ऑफरोड हे मोन्टानातल्या मिझूला गावच्या कंपनीचं. त्याची ताकद जमिनीच्या मालकीत. सरकारी जंगल कुठे संपतं, खाजगी कुठून सुरू होतं, हे त्यात रंगांनी आणि सीमांनी दिसतं. खिशात सातबारा घेऊन फिरल्यासारखं आहे ते. ज्याला ठरलेली ट्रेल सोडून जंगलरस्त्यांवर जायचं आहे, त्याने हे घ्यावंच. पण इथे एक बारकावा लक्षात ठेव, तो बाहेरून आलेल्यांना कुणी सांगत नाही. आपल्या या अप्पर पेनिन्सुलात लाकूड कंपन्यांच्या पुष्कळ जमिनी राज्याच्या ‘कमर्शियल फॉरेस्ट’ योजनेत आहेत. मालक खाजगी, पण करात सवलत घेतलेली असल्यामुळे लोकांना तिथे शिकारीला आणि मासेमारीला जाता येतं. जाता येतं म्हणजे पायी. मालकाने वेगळी परवानगी दिल्याखेरीज स्लेड किंवा चारचाकी तिथे नेता येत नाही. ‘लोकांसाठी खुली’ हे शब्द वाचून तिथे यंत्र घालणारे मी दर हिवाळ्यात बघते, आणि त्याची शिक्षा अखेर क्लबला भोगावी लागते.

गाया जीपीएस हे नकाशांवर प्रेम करणाऱ्यांचं अ‍ॅप. एकावर एक थर चढवता येतात. खाली उंचीच्या रेघांचा सरकारी नकाशा, त्यावर उपग्रहाचं छायाचित्र, त्यावर वनखात्याचे रस्ते, आणि प्रत्येक थर हवा तितका फिकट करायचा. मला ते आवडतं, कारण दोन थर एकमेकांशी जुळत नसले की लगेच कळतं की इथे काहीतरी बदललं आहे. पण ते घरी टेबलापाशी बसून शिकावं लागतं. वाऱ्यात, हातमोजे घालून शिकायचं ते अ‍ॅप नाही. २०२१ साली ते आउटसाइड कंपनीकडे गेलं.

उन्हाळ्यात तू चारचाकी किंवा डर्ट बाइक घेऊन जाणार असशील तर अमेरिकी वनखात्याचा ‘मोटार व्हेइकल यूज मॅप’ हा नकाशा फुकट मिळतो. दिसायला अगदी रुक्ष, काळा-पांढरा. पण कुठल्या रस्त्यावर कुठलं वाहन, वर्षाच्या कुठल्या महिन्यांत चालतं, हे कायद्याने ठरवणारा कागद तोच. त्या नकाशावर रस्ता नसेल तर प्रत्यक्षात समोर कितीही मळलेली वाट दिसो, ती तुझ्यासाठी नाही. हा नकाशा अव्हेन्झा मॅप्समध्ये उघडला की त्यावर तुझा ठिपकाही चालतो, नेटवर्क नसलं तरी.

गूगल मॅप्स गावातून गावात मोटारीने जायला ठेव. ट्रेलर ओढत जाताना मात्र समोर ‘सीझनल रोड’ अशी पाटी दिसली की थांब. तो रस्ता हिवाळ्यात कुणी साफ करत नाही. मागे ट्रेलर असताना तिथून गाडी वळवणं किती कठीण जातं, ते तुझ्या काकांना विचार.

कुठलं का अ‍ॅप असेना, नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घे. फोनमधलं जीपीएस उपग्रहांचं नुसतं ऐकतं, त्याला टॉवर लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. टॉवर लागतो तो खालचं नकाशाचं चित्र आणायला. म्हणून रानात काय होतं? तुझा निळा ठिपका अचूक असतो, आणि त्याच्याभोवती नुसता कोरा राखाडी पडदा. उतरवून झालं की तिथेच फोन फ्लाइट मोडवर टाक, वायफाय बंद कर, अ‍ॅप बंद करून पुन्हा उघड, आणि ज्या भागात जायचं आहे तिथे बोटांनी अगदी जवळ जाऊन बघ. गावाची नावं दिसली पण छोटे फाटे दिसले नाहीत, तर तू कमी तपशिलाचा नकाशा उतरवला आहेस. लहान लहान तुकडे करून पुन्हा उतरव. गायामध्ये जो थर उतरवला तोच मिळतो, बाकीचे मिळत नाहीत, तेही बघून ठेव. आणि ठरलेल्या वाटेच्या दोन्ही बाजूंचा भरपूर मुलूख घे. वाट बंद निघाली तर वळसा नकाशाबाहेरून पडू नये.

प्रवासातही फोन फ्लाइट मोडवरच असू दे. नेटवर्क नसलेल्या जागी फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी त्यातच संपते. थंडी तर बॅटरीची वैरीणच. अ‍ॅपल स्वतः आयफोन शून्य ते पस्तीस अंश सेल्सियसमध्ये वापरा असं सांगते, आणि आपण वीस अंश उण्यात, वर वाऱ्यात, तो हँडलबारवर लावतो. चाळीस टक्के दाखवत असलेला फोन डोळ्यांदेखत विझतो. शिवाय इंजिनाच्या हादऱ्यांनी फोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ साली मोटारसायकलींच्या संदर्भात दिला होता. स्लेडचे हादरे काही कमी नसतात.

म्हणून मी काय करते ते सांगते. हँडलबारवर जुना फोन लावते. त्यात सिम नाही, फक्त नकाशे. स्लेडच्या वीजपुरवठ्याला जोडलेला. तो गेला तरी चालेल. चांगला, पूर्ण भरलेला फोन आतल्या कपड्यांत अंगाला लागून. त्यातही तेच नकाशे उतरवलेले, तीच वाट चढवलेली. वाटेची फाइल जीपीएक्स स्वरूपात ठेवलीस तर ती यांतल्या बहुतेक अ‍ॅपांत उघडते. एका अ‍ॅपची वर्गणी सोडलीस तरी तुझ्या वाटा तुझ्याकडेच राहतात, हा त्याचा मोठा फायदा. आणि डीएनआरचा छापील नकाशा सीटखालच्या पिशवीत. कागदाला बॅटरी लागत नाही.

ठिपक्यावर किती विश्वास ठेवायचा? मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचा ठिपका साधारण पाच मीटरच्या आत असतो. दाट हेमलॉकच्या रानात, दरीत, तो भरकटतो. ट्रेल आणि रस्ता शेजारीशेजारी धावत असतील तर तू कशावर आहेस ते ठिपका सांगू शकत नाही, तुझे डोळे सांगतील.

आता जी गोष्ट कुठल्याही अ‍ॅपला ठाऊक नसते ती. पाणी. पडद्यावर ट्रेल तळ्यावरून सरळ पलीकडे गेलेली दिसते. ती रेघ बर्फाची जाडी मोजून ओढलेली नसते. मिनेसोटाच्या डीएनआरचा निकष असा, की नव्या, काचेसारख्या स्वच्छ बर्फावर माणसाने चालायला चार इंच लागतात आणि स्लेडला पाच ते सात. पांढरट, हवा मिसळलेला बर्फ असेल तर जाडी दुप्पट धर. झरा येऊन मिळतो तिथे, पुलाखाली, अरुंद जागी जिथे प्रवाह आहे तिथे कुठलाही निकष लावू नकोस, जाऊच नकोस. होटन आणि हॅनकॉकमधल्या कालव्याचंच बघ. १९५९ सालचा आपला लिफ्ट ब्रिज हिवाळ्यात अशा उंचीवर आणून ठेवतात की वरच्या मजल्यावरून मोटारी आणि खालच्या मजल्यावरून स्लेड जातात. वरून बघणाऱ्या नकाशावर पूल आणि त्याखालचं पाणी एकाच जागी असतात. पाणी ओलांडणारी रेघ दिसली की ती पुलावरून आहे की बर्फावरून, हे आदल्या दिवशी कुणा स्थानिकाला विचार. इथली माणसं कमी बोलतात, पण हे विचारलंस तर हातचं काम टाकून सांगतील.

मदत मागायची वेळ आली तर ठिकाणाचे आकडे वाचून दाखवावे लागतात. इथे आपल्यासारख्या भारतातून आलेल्यांची एक सवय आड येते. भारतात अक्षांश आणि रेखांश दोन्ही धन असतात. अमेरिकेत रेखांशाच्या आधी उणे चिन्ह असतं, कारण आपण पश्चिम गोलार्धात आहोत. होटनचा रेखांश उणे ८८ अंशांच्या थोडा पुढे आहे. उणे विसरलास तर तोच आकडा चीनच्या शिनजियांगमधल्या अल्ताई भागात जाऊन पडतो. दुसरी गफलत यापेक्षा धोकादायक, कारण ती लगेच लक्षात येत नाही. ४७.३० अंश आणि ४७ अंश ३० मिनिटं या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि त्यांच्यात सुमारे बावीस किलोमीटरचं अंतर आहे. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन गटातल्या सगळ्यांचे आकडे एकाच पद्धतीचे करून घ्या. फोनवर सांगताना ‘दशांश अंश’ हे शब्द आधी उच्चार, मग आकडे, आणि समोरच्याकडून परत वदवून घे.

नेटवर्क नसताना मदत मागायला उपग्रहाचं साधन हवं. आयफोन १४ आणि त्यापुढच्या फोनमध्ये ती सोय आहे, पण मोकळं आकाश लागतं, फोन उपग्रहाकडे धरून उभं राहावं लागतं आणि बॅटरी जिवंत असावी लागते. दर आठवड्याला लांब जाणार असशील तर गार्मिनचं इनरीच घे. इरिडियमच्या उपग्रहांवर चालतं, दोन्ही बाजूंनी संदेश जातात, बॅटरी पुष्कळ टिकते. घरी ‘पोचलो’ एवढा निरोप रोज जाऊ दे. तुझ्या बायकोला रात्री झोप लागेल.

मात्र पुण्याला जाताना ते इनरीच बॅगेत ठेवू नकोस. भारतात परवान्याशिवाय उपग्रह संदेशयंत्र बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला याच यंत्रामुळे ताब्यात घेतलं होतं. तिने ते लपवलंही नव्हतं. सह्याद्रीत फिरायला ते नेता येईल असं तुझ्या मनात येईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

फेब्रुवारीत तुम्ही वायोमिंगला किंवा मोन्टानात कुक सिटीकडे जायचं म्हणता, त्यावेळी सगळा हिशोब बदलतो. इथे आपल्याला हिमकडे कोसळण्याची काळजी नसते, तिथे ती सर्वांत आधी. तिथे माझं पहिलं अ‍ॅप कॅलटोपो. ते शोध आणि बचाव पथकातल्या एका स्वयंसेवक संगणक अभियंत्याने बनवलं, आणि बचाव पथकं ते वापरतात. त्यात उताराचा कोन रंगांनी दिसतो. बहुतेक हिमकडे तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावरून सुटतात. पण रंग बघताना तू उभा आहेस त्या जागेपुरता बघू नकोस, डोक्यावर काय आहे ते बघ. सपाट जागेवर उभ्या माणसावरही वरचा उतार कोसळतो. छोटे, पन्नासेक फुटांचे तीव्र उतार तर नकाशात दिसतही नाहीत. रोजचा हिमकड्यांचा अंदाज वाचल्याशिवाय निघायचं नाही, आणि बीकन म्हणजे संदेश सोडणारं शोधयंत्र, फावडं, आणि प्रोब म्हणजे बर्फात खुपसून शोधायची काठी, हे प्रत्येकाच्या अंगावर हवं, स्लेडच्या पिशवीत नको.

मघाशी फोन अंगाला लागून ठेव म्हणाले, त्याला इथे एक अपवाद. बीकन छातीवर असतो, आणि फोन त्याच्या जवळ असला की संदेशात अडथळा येतो. नेहमी दोघांत वीस सेंटिमीटर अंतर ठेव, शोध घेताना पन्नास. म्हणजे फोन पँटच्या आतल्या खिशात. गरम होणारे विजेचे हातमोजेही शोधताना बंद.

वर्गणीचं म्हणशील तर सगळ्या एकदम भरू नकोस. पहिला हिवाळा राइड कमांड आणि डीएनआरचा कागद यांवर काढ. उन्हाळ्यात जंगलरस्त्यांवर गेलास तर ऑनएक्स किंवा गाया यांपैकी एक. पश्चिमेला जायचं नक्की झालं की कॅलटोपो.

आणि एक राहिलं. शनिवारी तुम्ही विस्कॉन्सिनमधल्या हर्लीपर्यंत जाणार, तिथे तुझे मिनियापोलिसचे मित्र येणार. ऑन्टनॅगन काउंटी संपून गोजिबिक लागली की तुम्ही मिशिगनमध्येच असता, पण घड्याळ एक तास मागे जातं, आणि फोन नेटवर्क मिळताच ते आपोआप बदलतो. फ्लाइट मोडवर असेल तर बदलत नाही. दुपारी बाराला भेटायचं ठरवाल तेव्हा बारा कुठले, ते बोलून घ्या. परतीचा उजेड मात्र होटनच्या घड्याळाने मोज.